संमेलनातला वंशावळीचा तक्ता
कुलसंमेलनात वंशावळीचा तक्ता भिंतीला लावून ज्याने त्याने आपली नावं भरावीत, ही सूचना चांगलीच. फक्त पेन्सिल द्या, पेन नको. आणि नुसतं नाव-आडनाव पुरत नाही. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली पद्धत, त्यामुळे ‘गोविंद विष्णू’ आणि ‘विष्णू गोविंद’ आलटूनपालटून येतात आणि दोन पिढ्या बेमालूम एक होतात. पणजोबांपर्यंतची नावं, मूळ गाव, जन्मसाल घ्याच. सुनांचं माहेरचं नावही हवं, नाहीतर माहेरच्या कुलवृत्तान्ताशी, म्हणजे त्या घराण्याच्या वंशावळीच्या पुस्तकाशी, नोंद जुळत नाही.

जुन्या कागदावर शके, म्हणजे शालिवाहन शकाचं वर्ष, दिसलं की इसवी सन काढायला सरसकट ७८ मिळवू नका. माघ-फाल्गुनाला ७९ लागतात. पौष मात्र डिसेंबर-जानेवारी असा दोन्हीकडे पडतो, तिथे तिथी बघूनच ठरवा. मृत्यूच्या नोंदींत हा एका वर्षाचा घोळ फार सापडतो.