पांढरा रस्सा फुटतो, फोटो पिवळा येतो: पाककृतींचा ब्लॉग सुरू करताना आधी काय नीट करावं?

कट_जादा (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. घरच्या कोल्हापुरी पदार्थांचा मराठी ब्लॉग सुरू करायचाय. बारा पाककृती लिहून तयार आहेत. तांबडा, पांढरा, मिसळ, खर्डा, भरली वांगी वगैरे. टाकण्याआधी पुण्या-मुंबईच्या चारपाच जणांना करून बघायला दिल्या, तर तक्रारींची रांग लागली. एकाचा पांढरा फुटला, एकाचा तांबडा पाणचट झाला, एकीने तर रश्श्यात ओल्या खोबऱ्याची चटणी घातली! फोटोंचंही तेच, पांढरा रस्सा पिवळट दिसतोय. शिवाय ब्लॉग चालवायला ब्लॉगर ही सेवा बरी की वर्डप्रेस, हेही ठरत नाही. आधी काय दुरुस्त करू?

पाटा_वरवंटा

ती ताई बिचारी चुकली नाही, तुमचा शब्द चुकला. आपल्याकडे चटणी म्हणजे कांदा-लसणाचं तिखट. पंचगंगा ओलांडून थोडं पुढं गेलं की चटणी म्हणजे ताटाच्या डाव्या बाजूची. पहिल्यांदा बाराही पाककृतींतले असे शब्द शोधा.

"अळणी" हा दुसरा सापळा. आपण मसाला न घातलेल्या मटणाच्या पाण्याला अळणी म्हणतो आणि त्यात मीठ असतंच. बाहेरचा वाचक अळणी म्हणजे बिनमिठाचं समजतो. मग मटण मिठाशिवाय शिजतं, मीठ शेवटी पडतं आणि ते फोडीत मुरत नाही. "कट", म्हणजे रश्श्यावरचा लाल तेलाचा तवंग, नागपूरकडच्या माणसाला कळेल, पण तो त्याला तर्री म्हणेल. "खोबरं" लिहिलंत तर ओलं की सुकं ते सांगा, कारण तांबड्याच्या वाटणात ओलं गेलं की चव गोडसर होते आणि रस्सा दाट होतो. शब्द बदलू नका हं, कोल्हापुरीच राहू देत. पाककृतीत पहिल्यांदा येईल तिथं अर्ध्या ओळीत फोड करा, बास.

आता मापं. "दोन चमचे चटणी" याला काही अर्थ नाही. चहाचा चमचा साधारण ५ मिली, टेबलस्पून १५ मिली, आणि पोह्याचा चमचा प्रत्येक घरात वेगळा. त्यात सपाट की शिगोशीग हा घोळ, शिगेला जवळजवळ दुप्पट जातं. वाटीचंही तसंच, काही १५० मिलीच्या, काही २०० च्या. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकाचा डिजिटल काटा घ्या. प्रत्येक जिन्नस घालण्याआधी भांड्यासकट वजन, घातल्यावर पुन्हा वजन. हाताच्या अंदाजाने घाला, पण किती गेलं ते लिहून ठेवा. तीन वेळा केलं की खरा आकडा सापडतो. लिहिताना ग्रॅम आणि सपाट चमचा दोन्ही द्या, कारण बहुतेक घरांत काटा नसतो.

तांबडा पाणचट होण्याचं कारण जवळपास नेहमी पाणी. तुम्ही लिहिलं असणार "२ लिटर पाणी घालून मटण शिजवा". उघड्या पातेल्यात तासभर उकळलं तर त्यातलं बरंच उडून जातं, कुकरमध्ये फारसं उडतच नाही. पाणी किती घालायचं यापेक्षा शेवटी रस्सा किती उरला पाहिजे ते सांगा: "१ किलो मटणाला तयार रस्सा साधारण सव्वा लिटर, जास्त झाला तर झाकण काढून आटवा". या एका वाक्याने निम्म्या तक्रारी जातील.

शिट्ट्याही मोजू नका. गॅसची आच, कुकरचा आकार, मटण कोवळं की जून, सगळं वेगळं. "पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून १५ ते २० मिनिटं" असं लिहा.

मिठाला साधा ताळा असा की तयार रस्सा लिटरभर असेल तर ८ ते १० ग्रॅम. पण चटणीत आधीच मीठ असतं, म्हणून चटणी घालून उकळी आल्यावर चव बघून शेवटचं मीठ. खडेमीठ वापरत असाल तर चमच्याने नाही, वजनानेच सांगा.

ज्यांच्याकडे आपली चटणी नाही त्यांनाही सोय द्या. २ टेबलस्पून चटणीऐवजी: १ टेबलस्पून ब्याडगीचं तिखट, अर्धा कांदा आणि ४ लसूण पाकळ्या भाजून वाटलेल्या, १ चहाचा चमचा गरम मसाला. ब्याडगी रंगाला चांगली पण झणका कमी, तेव्हा झणझणीत हवं असेल तर वर थोडी संकेश्वरी किंवा लवंगी. कोल्हापूरची चव हुबेहूब येणार नाही, हेही तिथंच लिहून टाका.

खिडकीचा_उजेड

फोटोचं मी सांगतो. स्वयंपाकघरातला पिवळा बल्ब आणि खिडकीचा उजेड एकत्र आले की कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे नेमकं काय ते कळत नाही. बल्ब बंद करा. ताट खिडकीपाशी, उजेड बाजूने किंवा थोडा मागून. समोरून उजेड आला की रस्सा सपाट दिसतो, कट चमकत नाही. सावलीच्या बाजूला थर्मोकोलचा तुकडा किंवा पांढरा पुठ्ठा उभा करा.

उत्तरेची खिडकी सगळ्यांत बरी, कारण एरवी तिच्यातून थेट ऊन येत नाही. पण कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर. मे ते जुलै या काळात भर दुपारचा सूर्यही थोडा उत्तरेला असतो आणि त्या खिडकीत ऊन शिरतं. तेव्हा जुन्या धोतराचा पातळ कपडा टांगा. पावसाळ्यात उजेड मऊ असतो पण कमी, फोटो हलतो. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ३ सेकंदांचा टायमर लावा.

पांढरा रस्सा पांढऱ्या वाडग्यात काढू नका, काठच दिसत नाही. काळं मातीचं किंवा तांब्याचं भांडं घ्या. पांढरं जास्त असलं की कॅमेरा फोटो काळपट करतो, म्हणून पडद्यावर बोट दाबून फोकस धरा आणि उजेडाची पट्टी जरा वर सरकवा. तांबड्याला उलट, पट्टी खाली. नाहीतर लाल रंग फुटून नुसता डाग दिसतो. स्टीलच्या वाटीत फोन आणि फोन धरणारा दोघंही दिसतात, ते तेवढं बघा.

वेळ महत्त्वाची. मटणाची चरबी थंड झाली की वर पांढरी साय धरते आणि रस्सा शिळा वाटतो. रिकामं भांडं ठेवून कोन, उजेड सगळं आधीच जमवा, मग गरम रस्सा ओता, वरून एक पळी कट सोडा, कोथिंबीर शेवटी. पाच मिनिटांत काम उरका. मिसळीचा फोटो तर त्याहून घाईचा, फरसाण मऊ पडलं की संपलं. ताट वरून, वाडगा तिरक्या कोनातून.

दुवा_तुटला

ब्लॉगर की वर्डप्रेस यावर वर्षभर वाद घालता येईल. फुकटात लिहून बघायचं तर ब्लॉगर पुरे. स्वतःच्या नावाचा पत्ता मात्र पहिल्या दिवसापासून घ्या, आणि घेताना पहिल्या वर्षाची सवलत नाही, नूतनीकरणाचा दर बघा.

मराठी ब्लॉगांचा खरा घोटाळा लेखाच्या पत्त्यात होतो. ब्लॉगरवर शीर्षक निव्वळ देवनागरीत असेल तर पत्ता नुसता "ब्लॉग-पोस्ट" आणि पुढे आकडा असा बनतो. प्रकाशित करण्याआधी उजवीकडच्या पर्मालिंकमध्ये जाऊन रोमन लिपीत दोन-तीन शब्द स्वतः टाका. वर्डप्रेस देवनागरी घेतं, पण एकेका अक्षरचिन्हाची नऊ चिन्हं होतात आणि मर्यादा २०० ची. म्हणजे काना-मात्रा धरून बाविसेक चिन्हांवर पत्ता तुटतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की टक्क्यांच्या खुणांची मालगाडी दिसते. तिथंही रोमनच बरं. लेख पसरल्यावर पत्ता बदललात तर लोकांकडचे सगळे जुने दुवे मेले म्हणून समजा.

फोटो फोनमधून थेट चढवू नका. एकेक ३ ते ५ एमबीचा असतो, आठ फोटो म्हणजे पान उघडेस्तोवर भाकरी करपते. लांब बाजू १२०० पिक्सेल, वेबपी किंवा जेपेग, २०० केबीच्या आत.

कट_जादा

लई भारी माहिती. पाणी आणि चटणी दोन्ही चुका सापडल्या. तीन गोष्टी राहिल्या. एक, पांढरा फुटतो तो का? दुसरं, एक मसालेवाले फुकट पाकिटं देतो म्हणतायत, लिहायचं का त्यांच्याबद्दल? तिसरं, नेटवरची एखादी पाककृती बघून केली तर चालते का?

नोंदवही

पाकिटांचं आधी. लिहा, पण मसाला फुकट मिळालाय हे वाचकाला पहिल्याच ओळींत दिसलं पाहिजे, लेखाच्या तळाशी बारीक अक्षरांत नाही. जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे आस्कीने, २०२१ मध्ये यासाठी नियम काढलेत आणि पैसे न घेता नुसती वस्तू घेतली तरी ते लागू होतात. पहिल्या वीस लेखांत तरी हे टाळावं असं माझं मत. वाचकाला तुमच्या हाताची चव कळायच्या आत पाकिटाची कळते.

पाककृतीत जिन्नसांच्या यादीवर कुणाचा हक्क सांगता येत नाही. पण दुसऱ्याची वाक्यं जशीच्या तशी आणि दुसऱ्याचा फोटो, हे दोन्ही चालत नाही. स्वतः करून, स्वतः मोजून, स्वतःच्या शब्दांत लिहा आणि मूळ जिथून घेतलं त्याचं नाव द्या.

पाटा_वरवंटा

पांढऱ्याचं सांगतो. लिटरभर अळणीला असं प्रमाण धरा: मध्यम नारळ १, खसखस १ टेबलस्पून, पांढरे तीळ १ टेबलस्पून, काजू १०-१२. खसखस अर्धा तास गरम पाण्यात भिजवा, नाहीतर मिक्सरमध्ये नुसती फिरते, वाटली जात नाही. नारळ ३०० मिली कोमट पाण्यात वाटून पहिलं दाट दूध वेगळं काढा, त्याच चोथ्यात पुन्हा ३०० मिली पाणी घालून दुसरं पातळ दूध वेगळं.

तूप १ टेबलस्पून, त्यात ४ लवंगा, इंचभर दालचिनी, ३ हिरवे वेलदोडे, ८ मिरी, १ टेबलस्पून आलं-लसूण. खसखस, तीळ आणि काजूचं वाटण बारीक आचेवर दोन-तीन मिनिटं परता, रंग बदलू द्यायचा नाही. मग गरम अळणी आणि पातळ दूध घालून उकळी आणा. गॅस बंद. पाचेक मिनिटांनी दाट दूध एका हाताने धार सोडत, दुसऱ्या हाताने ढवळत घाला. पुन्हा गरम करताना वाफ दिसली की थांबायचं. खळखळून उकळलं की दुधातली प्रथिनं आकसतात, तेल सुटतं आणि वर चोथा तरंगतो.

फुटण्याचं दुसरं कारण तुमच्या पाककृतीत मटणाला दही लावलंय का ते बघा. दह्याचं आंबट अळणीत उतरतं आणि नारळाचं दूध त्यानेही फाटतं. पांढऱ्यासाठीच्या मटणाला दही नको, लिंबूही वाढताना पानातच.

आणि खिडकीवाले दादा, फोटोचा पिवळेपणा सगळा बल्बचा नसेल. मटण उकडताना पाव चमचा हळद गेली तरी रस्सा पिवळट होतो. कट_जादा, तुमच्या अळणीत हळद आहे का? असेल तर पांढऱ्यापुरती काढा, मग फोटो काढून बघा.

कट_जादा

आहे की. अर्धा चमचा.