महिदपूरची लढाई टेबलावर मांडायची आहे : षट्कोनी तुकडे घ्यावेत की सुट्या पाट्या?

रामबागकर (इंदूर)

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

इंदूरच्या रामबाग आणि सुदामानगर भागातील आम्ही काही मंडळी सुटीच्या दिवशी जमून मिनिएचरचे (छोट्या शिपाई-मोहऱ्यांचे) युद्धखेळ खेळतो. मोठ्यांबरोबर शाळकरी मुलेही असतात आणि नियमांवर वाद घालण्यात तीच पुढे असतात. आजवर आमचे टेरेन, म्हणजे टेबलावरची जमीन, हिरव्या चादरीखाली पुस्तके सरकवून केलेल्या टेकड्या आणि नदीच्या जागी निळ्या कापडाची पट्टी, एवढेच होते. आता मात्र होळकर आणि इंग्रज यांच्यातील 21 डिसेंबर 1817 ची महिदपूरची लढाई नीट मांडावी, असे आम्ही ठरवले आहे. ते रणक्षेत्र शेजारच्या उज्जैन जिल्ह्यात, शिप्रेच्या काठी आहे. त्या पराभवानंतर 6 जानेवारी 1818 रोजी मंदसोरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी इंदुरास आली. त्यामुळे आमच्याकडच्या मराठी घरांत या लढाईविषयी जिव्हाळा आहे, तशीच चुटपुटही आहे.

आमच्याकडे सहा फूट बाय चार फुटांचे टेबल आहे. एकमेकांत अडकणारे षट्कोनी तुकडे करून रणभूमी रचावी, की मोठ्या चौरस पाट्या करून त्यांवर टेकड्या, झाडे आणि घरे सुटी ठेवावीत, यावर आमच्यात एकमत होत नाही. सामान फ्लॅटमधील पलंगाखाली मावले पाहिजे आणि त्याच तुकड्यांतून पुढे दुसरी लढाईही मांडता आली पाहिजे. मिनिएचर कोणत्या मापाचे घ्यावेत, हेही कृपया सांगावे.

षट्कोन (बडोदे)

रामबागकर, आपल्याकडे मुले खेळणार असतील, तर माझे मत निःसंशय षट्कोनी तुकड्यांच्या बाजूने आहे. 2004 मध्ये आलेल्या हिरोस्केप या खेळाने ही पद्धत घराघरांत पोहोचवली. त्यात गवत, खडक, वाळू आणि पाणी असे निरनिराळे षट्कोनी तुकडे एकावर एक बसतात आणि दर वेळी नवे रणक्षेत्र उभे राहते. नियम त्या तुकड्यांतच मुरलेले असल्यामुळे वेगळे पाठ करावे लागत नाहीत. शत्रूपेक्षा उंचावर उभ्या असलेल्या मोहऱ्याला एक फासा जास्त मिळतो, आणि पाण्यात शिरलेल्या मोहऱ्याची चाल तेथेच संपते. उंची किती, अंतर किती, गोळी पोहोचेल की नाही, हे घरे मोजून कळते, त्यामुळे मोजपट्टी कोणी वाकडी धरली या भांडणाला जागाच उरत नाही.

हे तुकडे घरीही करता येतात. समोरासमोरच्या बाजूंमधील अंतर 5 सेंमी धरले, तर षट्कोनाची प्रत्येक बाजू सुमारे 29 मिमी येते. पत्र्याचा एक अचूक साचा करून घ्यावा आणि सर्व तुकडे त्याच साच्यावरून कापावेत. आधी कापलेल्या तुकड्यावरून पुढचा आखत गेलात, तर चूक साठत जाते आणि दहाव्या तुकड्यानंतर फटी दिसू लागतात.

तोफखाना (ग्वाल्हेर)

षट्कोन यांचे म्हणणे छोट्या चकमकींपुरते मला मान्य आहे. महिदपूर ही चकमक नव्हती. तेथे पायदळाच्या पलटणी लांब ओळीत उभ्या राहिल्या होत्या, आणि षट्कोनांवर मांडलेली सरळ ओळ एका दिशेने सरळ राहते, दुसऱ्या दिशेने नागमोडी होते. मैदानी लढाईत हे सतत डोळ्यांत खुपते.

तुकड्यांचा आकार ठरवण्याआधी, या लढाईत जमिनीने नेमके काय काम केले, हे पाहावे. इंग्रज सेनापती सर टॉमस हिस्लॉपच्या सैन्याला शिप्रा ओलांडायची होती, काठ उंच आणि उभे होते, आणि तोफांसह उतरता येईल असा उतार एकच होता. पलीकडे तोफांच्या टप्प्यात होळकरांची फळी उभी होती. अकरा वर्षांचे मल्हारराव नावाला गादीवर होते, त्यांच्या वतीने कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंची आदल्याच दिवशी हत्या झाली होती, सरदारांत एकवाक्यता नव्हती, आणि तरीही त्या तोफखान्याने इंग्रजांच्या हलक्या तोफा बंद पाडल्या. इंग्रजांचे सातशेहून अधिक लोक ठार किंवा जखमी झाले ते मुख्यतः या तोफांपुढे. शेवटी पायदळ थेट तोफांवर चालून आले, तेव्हा होळकरांचे बरेच गोलंदाज तोफा न सोडता तेथेच पडले. म्हणजे आपल्या टेबलावर तीन गोष्टी खऱ्या उतरल्या पाहिजेत: अरुंद उतार, उतरलेल्या फौजेला क्षणभर आडोसा देणारे काठालगतचे नाले, आणि त्यापुढचे उघडे मैदान. बाकी झाडे-झुडपे शोभेपुरती.

आता मापाविषयी. जमिनीचे प्रमाण आणि शिपायाचे प्रमाण वेगवेगळे ठेवावेच लागते. 28 मिमीचा शिपाई खऱ्या माणसाच्या साधारण साठाव्या हिश्शाएवढा असतो. त्याच हिशेबाने बंदुकीचा 90 मीटरांचा टप्पा टेबलावर दीड मीटर होईल आणि दोन्ही फौजा आपापल्या कडेवरूनच एकमेकांना गोळ्या घालू लागतील. म्हणून जमिनीसाठी एक मिलिमीटर म्हणजे एक मीटर हे प्रमाण धरावे. आपले टेबल मग 1.8 बाय 1.2 किलोमीटरचे होते, बंदुकीचा टप्पा 9 सेंमी येतो आणि तोफेच्या छर्ऱ्यांचा सुमारे 30 सेंमी.

मिनिएचर 15 मिमीचे घ्यावेत आणि 40 मिमी रुंदीच्या पट्टीवर चिकटवावेत. दोन रांगांत उभ्या असलेल्या पायदळाचे एवढ्या रुंदीत दीडशेच्या आसपास लोक मावतात, त्यामुळे सहाशेची पलटण चार पट्ट्यांत बसते. डीबीए या नियमावलीतही 15 मिमीसाठी हीच रुंदी आहे. तिचे नियम प्राचीन आणि मध्ययुगीन युद्धांपुरते असल्याने महिदपूरला लागू होणार नाहीत, पण दर फौजेत फक्त बारा पट्ट्या आणि दोन फूट चौरस पाटी एवढ्यात पूर्ण लढाई बसत असल्यामुळे मुलांना सवय लावण्यास ती उत्तम आहे.

दिवाळीतल्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे येथे आणू नयेत, अशी मात्र विनंती. एक मावळा बुरुजाएवढा आणि दुसरा त्याच्या गुडघ्याएवढा, हे अंगणात शोभते. इथे शिपायांच्या पट्टीपासूनच टप्पा मोजायचा आहे.

रंगहस्त (इंदूर)

मी आपल्याच गावचा आहे आणि पाट्यांच्या पक्षाचा आहे, म्हणून साहित्याविषयी सविस्तर लिहितो.

60 सेंमी चौरसाच्या सहा पाट्या केल्या की आपले टेबल बरोबर झाकले जाते आणि त्या एकावर एक रचून पलंगाखाली जातात. साधे थर्माकोल टाळावे, कारण कापताना त्याचे दाणे सुटतात आणि कडा आठवड्याभरात झिजतात. छताच्या उष्णतारोधनासाठी वापरतात तो घट्ट, बहुधा गुलाबी किंवा निळ्या रंगाचा एक्सपीएस फोम घ्यावा. असे काम करणाऱ्या ठेकेदारांकडे उरलेले तुकडे पडून असतात आणि विचारले तर ते स्वस्तात देतात. 20 मिमीचे दोन थर एकमेकांवर चिकटवावेत. टेबलाच्या पृष्ठभागाखाली नदी कोरता येत नाही, म्हणून सगळी जमीनच 4 सेंमी उचलायची आणि शिप्रेच्या पाट्यांवर वरचा थर कापून काढायचा. तोफखाना यांच्या प्रमाणाने ही दरड वीस मीटरांची होते, म्हणजे वाजवीपेक्षा उंच. पण याहून कमी ठेवली, तर 15 मिमीच्या शिपायाच्या कमरेला लागणारी दरड खेळणाऱ्याला अडथळा वाटतच नाही.

नदी प्रत्येक पाटीच्या कडेला बरोबर मध्यावर आणि ठरावीक रुंदीनेच बाहेर पडली पाहिजे. मध्ये ती हवी तशी वळवावी. हा एक नियम पाळला, तर नदीच्या तीन पाट्या कोणत्याही क्रमाने आणि उलटसुलट जोडता येतात आणि पुढच्या खेळात तीच शिप्रा चंबळ किंवा नर्मदा होते. यातल्या एकाच पाटीवर दरड तासून तिरपा उतार करावा. त्याची रुंदी 8 सेंमी ठेवली, तर 40 मिमीच्या दोनच पट्ट्या शेजारी शेजारी उतरतील आणि मागच्यांना थांबावे लागेल. तोफखाना म्हणतात ती कोंडी नियमपुस्तकात वेगळी लिहावी लागणार नाही, पाटीच ती घडवून आणील.

उंचवटे गुळगुळीत उताराचे करण्याचा मोह होतो, कारण ते सुंदर दिसतात. पण धातूचे मिनिएचर त्यावरून घसरतात आणि रंग खरवडला जातो. रणक्षेत्रातले ओसाड गाव मांडणार असाल, तर त्याचा उंचवटा पायऱ्यापायऱ्यांचा करावा आणि प्रत्येक पायरी निदान 45 मिमी रुंद ठेवावी, म्हणजे पट्टी तीवर सपाट बसेल.

फोमवर स्प्रेचा रंग थेट मारू नये, कारण त्यातील द्रावक फोम खाऊन टाकतो. फेविक्विकनेही तेच होते. आधी पाणी घातलेल्या फेविकॉलचा एक हात द्यावा, तो पूर्ण वाळल्यावर भिंतीचा इमल्शन रंग लावावा. तापलेल्या तारेने फोम कापायचा असेल, तर खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये, कारण धूर चांगला नसतो. पाटीखाली एमडीएफ लावणार असाल, तर त्याच्या दोन्ही बाजू रंगवाव्यात. एकच बाजू ओली झाली, तर फळी वाकते आणि जोडाजवळ पाटी डुगडुगते.

रंगाच्या बाबतीत माझा थोडा हट्ट आहे. परदेशी खेळाडूंच्या चित्रांत दिसते ते विलायती कुरणाचे हिरवेगार टेबल आपण डोळे मिटून उचलतो. माळव्याची जमीन काळी आहे. डिसेंबरात तीवर गहू आणि हरभरा वीत-दीड वीत उभा असतो, आणि पडीक रानातले गवत पिवळे पडलेले असते. बारीक चाळलेली वाळू आणि टाइलच्या फटींत भरतात ते ग्राउट फेविकॉलमध्ये कालवून पृष्ठभागावर थापावे. त्यावर गडद तपकिरी रंग द्यावा, निव्वळ काळा देऊ नये, कारण काळ्यावर सावली दिसत नाही आणि जमीन डांबरासारखी वाटते. मग जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट राखाडी-तपकिरी रंग नुसता उंच कणांवरून फिरवावा. भेगाळलेली काळी माती डोळ्यांदेखत उमटते. शेतांसाठी हिरवी रांगोळी ओल्या फेविकॉलवर चिमटीने ओळीत सोडावी. गेरमधला (रंगपंचमीच्या मिरवणुकीतला) उरलेला गुलाल वापरण्याची कल्पना इंदुरात कोणाला ना कोणाला सुचतेच, पण ओल्या गोंदात त्याचा रंग सुटून शेजारच्या जमिनीवर पसरतो. वाळलेल्या गवतासाठी नारळाची काथ्या कात्रीने बारीक कापून वापरावी. नदीच्या तळाला मध्यभागी गडद आणि काठाकडे फिकट रंग देऊन वर पारदर्शक वार्निशचे पातळ हात द्यावेत, प्रत्येक हात वाळू देऊन. एकदाच जाड थर ओतला, तर तो पांढुरका राहतो.

रामबागकर (इंदूर)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. पाट्यांचा निर्णय झाल्यासारखाच आहे. तोफखाना यांना आणखी एक विचारतो. आमच्यातील सर्वांनी या लढाईचे वर्णन वाचलेले आहे. उतार कोठे आहे हे आधीच ठाऊक असेल, तर होळकरांच्या बाजूचा खेळाडू पहिल्याच चालीत सर्व तोफा तिकडे रोखून बसेल. उतार गुप्त ठेवण्याची काही सोय पाट्यांमध्ये करता येईल काय?

तोफखाना (ग्वाल्हेर)

सोय सहज करता येईल, पण महिदपूरसाठी ती करू नये, असे मी सुचवीन. तेथे उतार दोन्ही बाजूंना माहीत होता आणि तोफा तिकडे रोखलेल्याच होत्या. उतार ठाऊक असूनही तेथूनच उतरावे लागणे, हाच इंग्रजांच्या बाजूचा सगळा पेच आहे. तो काढून घेतला तर लढाई दुसरीच होईल. होळकरांची बाजू फार जड वाटत असेल, तर ती सरदारांच्या बेबनावाने हलकी करावी. प्रत्येक चालीला फासा टाकून, किती तुकड्या हुकूम मानतील हे ठरवावे. डीबीएमध्ये अशी पद्धत आहेच, ती उचलण्यास हरकत नाही.

गुप्त उताराची युक्ती असईच्या लढाईसाठी राखून ठेवावी. 23 सप्टेंबर 1803 रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीला केळणा नदी ओलांडायची होती आणि वाटाड्यांनी तेथे उतार नसल्याचे सांगितले होते. पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली पाहून, मधे उतार असल्याशिवाय गावे अशी वसणार नाहीत, असा तर्क त्याने केला आणि तो खरा ठरला. टेबलावर हे असे करता येईल : नदीच्या तळाचे पाच-सहा तुकडे वरून अगदी सारखे रंगवून सुटे ठेवावेत आणि एकाच तुकड्याच्या पोटाला खूण करावी. घोडदळाची तुकडी काठाला पोहोचून एक पूर्ण चाल खर्च करील, तेव्हाच तिला शेजारचा तुकडा उचलून पाहता येईल. घरांचे ठोकळे मात्र पंचाने आधीच काठांवर मांडून ठेवावेत आणि त्यांविषयी काही बोलू नये.

षट्कोन (बडोदे)

तोफखाना, हे सुटे तुकडे षट्कोनी केले, तर कोणत्याही पाटीच्या पात्रात बसतील. रामबागकर, पात्राची रुंदी 5 सेंमीच्या पटीत ठेवा, म्हणजे 10 सेंमी. साच्याचे माप वर दिलेलेच आहे, फक्त त्याची सपाट बाजू दरडीला लागेल अशी ठेवावी. उरलेल्या तिरप्या फटी वाळू-ग्राउटने पाटीवरच कायमच्या भरून टाकाव्यात. फोम हलका असल्यामुळे तुकडे बोटाच्या धक्क्याने सरकतात. म्हणून प्रत्येकाच्या पोटाला लोखंडी वायसर चिकटवावा. खुणेच्या तुकड्याला मात्र वेगळ्या वजनाचा वायसर लावू नये. मुले तुकडा न उलटता नुसत्या हातात तोलून उतार ओळखतात.