'मॅन-ईटर ऑफ कुमाऊं' (१९४८): कॉर्बेटचं नाव कशाला वापरलं?

यावलकर:
शिकारी-लेखक जिम कॉर्बेटवर काही शोधताना युनिव्हर्सल-इंटरनॅशनलचा हा सिनेमा सापडला. दिग्दर्शक बायरन हॅस्किन, कलाकार साबू आणि वेंडेल कोरी. एक अमेरिकन डॉक्टर शिकारीला येतो काय, वाघाला जखमी करून सोडतो काय! कॉर्बेटच्या 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं' पुस्तकातलं यात आहे तरी काय? जाणकारांनी सांगा.

जुना प्रोजेक्टर, अमळनेर:
भाऊ, पुस्तक १९४४ चं, तुफान खपलेलं. हॉलिवूडला नाव हवं होतं, गोष्टी नकोत. खुद्द कॉर्बेट म्हणाले होते म्हणे, की सगळ्यात चांगला नट वाघच. यापुढे समीक्षकांनी आणखी काय लिहायचं?

पण पुस्तकातलं काहीच घेतलं नाही, हे मला पटत नाही. चंपावतची वाघीण आठवा. १९०७ मध्ये कॉर्बेटनी तिला मारलं तेव्हा तिचे उजवीकडचे दोन्ही सुळे मोडलेले होते. वरचा अर्धा, खालचा पार हाडापर्यंत. कोणाच्या तरी जुन्या गोळीचा प्रताप. नेहमीची शिकार जमेना म्हणून ती माणसांकडे वळली आणि ४३६ बळी गेले. सिनेमातला वाघही गोळी खाऊनच बिथरतो. म्हणजे मूळ धागा कॉर्बेटचाच.

माझी तक्रार वेगळी आहे. याच वाघिणीच्या भीतीने पाली गावचे लोक पाच दिवस घराबाहेर पडले नव्हते, हे कॉर्बेटना अंगणातल्या घाणीवरूनच पटलं. ही नजर सिनेमाकडे नाही. त्याला डॉक्टरच्या पश्चात्तापातच जास्त रस.

केळीवाला, रावेर:
पाच दिवस कोंडून घेणं आम्हाला नवीन नाही दादा. शिवारात बिबट्याचे ठसे दिसले की रात्रीची लाइट असूनही मोटार चालू करायला कोणी जात नाही. केळी सुकली तरी चालेल! बाकी साबू म्हैसूरकडच्या माहुताचा पोरगा, 'एलिफंट बॉय'पासून (१९३७) जनावरांतच वावरलेला. त्याला तरी नावं ठेवू नका.

धुळ्याचा भाऊ:
बठ्ठासमा वाघच भारी शे! 😄

यावलकर:
मग पाहू की नको?

जुना प्रोजेक्टर, अमळनेर:
पाहा की, दीड तासाचाही नाही. आधी चंपावतचं प्रकरण मात्र पुन्हा वाचून घ्या.