मदत हवी आहे: 'सोसणं'साठी 'बेअर' की 'एन्ड्युअर'?

नमस्कार मंडळी,

दीर्घ आजारातून गेलेल्या काही जणांची मनोगतं मी इंग्रजीत आणतेय. एका बाईंच्या वाक्यापाशी गाडी अडली आहे : "दुखणं सोसवत नव्हतं, पण वर्षभर सोसलं." मी असं केलं : 'आय कुडन्ट बेअर द पेन, बट आय बोअर इट फॉर अ यिअर.' व्याकरण बरोबर असावं, पण दुसरा भाग कानाला खटकतो. बाईंनी जे काढलंय ते इंग्रजीत हलकं पडू नये, एवढीच तळमळ. शिवाय 'कान्ट बेअर'पुढे 'टू सी' घ्यायचं की 'सीइंग'? आणि 'बोर्न'च्या शेवटी 'ई' कधी?

---

प्रतिसाद

कान बरोबर सांगतोय. बोलण्यात या अर्थाचा 'बेअर' बहुतेक 'कान्ट', 'कुडन्ट'च्या सोबतीनेच येतो, म्हणजे आपलं 'सोसवत नाही'. 'आय बोअर द पेन' चुकीचं नाही, पण जुन्या पुस्तकी वळणाचं वाटतं. दुसऱ्या भागात 'एन्ड्युअर्ड' घ्या. हा शब्द लॅटिनमधल्या 'कठीण करणे' अशा अर्थाच्या क्रियापदावरून आलाय आणि त्यात काळाची लांबी आपसूक येते. कर्माशिवाय वापरला तर तो नुसतं 'टिकणे' होतो, मैत्री टिकते तसं. तेव्हा : 'आय कुडन्ट बेअर द पेन, येट आय एन्ड्युअर्ड इट फॉर अ यिअर.' मराठीत एकाच धातूची दोन रूपं समोरासमोर आहेत, ती गंमत इंग्रजीत जाईल. जाऊ द्या. अर्थ शाबूत राहतो, ते जास्त महत्त्वाचं.

'कान्ट बेअर'पुढे 'टू सी' आणि 'सीइंग' दोन्ही चालतात. 'कान्ट स्टँड'पुढे मात्र बहुधा 'सीइंग' येतं, 'टू सी'ही चुकीचं नाही.

'ई'चं म्हणाल तर जन्मलेल्या माणसाला 'वॉज बॉर्न', 'ई' नाही. सोसलेलं दुःख, उचललेला खर्च, आईने मुलांना जन्म दिला असं सांगणारं 'हॅज बोर्न थ्री चिल्ड्रन', इथे शेवटी 'ई' हवा. उच्चार आता बहुतेक सारखाच, त्यामुळे चूक ऐकून सापडत नाही.

---

धागाकर्ती

फार मदत झाली, मनापासून आभार! त्याच बाई पुढे म्हणतात, "शेजारच्या खाटेवरची बडबडही सोसली." इथेही 'एन्ड्युअर्ड'च?

---

प्रतिसाद

नको, बडबडीला तो फार जड होईल. 'पुट अप विथ' घ्या. वैताग आला तरी चालवून घेतलं, हा भाव त्यात नेमका उतरतो.