चर्चा: पालकांनी घरी अभ्यास घ्यावा की शाळेच्या बैठकीत बसावं?

रंकाळाकाठ: पालकांचा सहभाग म्हणजे आईनं रात्री प्रोजेक्टचा तक्ता रंगवायचा आणि बाबांनी ट्यूशनची फी भरायची, एवढंच उरलंय. माझं मत स्पष्ट आहे, घरच्या अभ्यासापेक्षा शाळेच्या कारभारात लक्ष घाला. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक हवेत, आणि निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा करणं, अनुदान कशावर खर्च झालं ते बघणं हे त्यांचंच काम. तुमच्या शाळेच्या समितीत कोण आहे, माहीत आहे का?

उद्यमनगरी: दादा, कागदावर सगळं बरं दिसतंय. बैठक असते कामाच्या दिवशी सकाळी अकराला. मी फौंड्रीत. खाडा झाला की पगार कापला. मग समितीत कोण? ज्यांना वेळ आहे ते, नाहीतर पुढाऱ्याच्या जवळचे. बाकीच्यांच्या सह्या घरी येऊन घेतात.

शाहूपुरीकर: मुळात पालकांनी शाळेत लुडबूड कशाला करावी? शाहू महाराजांनी 1917 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोर न पाठवणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड. पालकांनी पोर पाठवायचं, शिकवायचं मास्तरांनी.

रंकाळाकाठ: दंड आईबापालाच होता ना? म्हणजे महाराजांनी जबाबदारी त्यांच्यावरही टाकलीच की.

तिसरीच्या बाई: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई निरक्षर आहे. भाकरी थापताना लेकीला चुलीपाशी बसवून धडा मोठ्यानं वाचायला लावते. पोरगी अडखळली की "परत वाच". मधेच विचारते, "म्हंजे काय गं?" मग पोरगी आपल्या शब्दांत सांगते. जोडाक्षरं तिला आता अडत नाहीत. बैठकीला ती आई कधी आलेली नाही, तरी तिच्याइतका सहभाग मी फार थोड्या पालकांचा बघितलाय.

रंकाळाकाठ: बाई, त्या माउलीला नमस्कार. पण दोन वर्गांना मिळून एकच गुरुजी असतील, तर ते चुलीपाशी सुटणार नाही. त्यासाठी पालकांनी एकत्र येऊन मागणी लावून धरायला लागते. वेळेचं उद्यमनगरी म्हणतात ते मात्र खरं आहे. बैठक संध्याकाळी घ्या म्हणून आधी तोच अर्ज द्यायला हवा.

उद्यमनगरी: साडेसातला ठेवा, मी येतो. आणि इतिवृत्त आधी सगळ्यांसमोर वाचून दाखवा, मग सही.