अरविंदबाबूंनी डाव अर्ध्यावर सोडला का?

शहापूरकर: काल वाचनालयात योगी अरविंदांवर व्याख्यान झालं. वक्त्यांनी त्यांना थेट टिळकांच्या पंगतीत बसवलं. मला काय ते पटलं नाही. दोघंही १९०८ ला पकडले गेले, दोघांनीही तुरुंगात गीता उराशी धरली. टिळक १९१४ ला मंडालेहून सुटले आणि १९१६ च्या एप्रिलात ह्याच बेळगावात होमरूल लीग उभी केली. अरविंद अलीपूर बाँब खटल्यातून १९०९ ला सुटले आणि वर्षभरात फ्रेंचांच्या पाँडिचेरीत गेले ते गेलेच. योगी म्हणून नमस्कार. खरं चार वर्षांचं राजकारण किती ताणायचं?

खानापूरकर: चार कुठनं मोजलासा? १८९३ पासनं मोजा की. बडोद्यात नोकरीला असताना त्यांनी मुंबईच्या 'इंदुप्रकाश' पत्रात काँग्रेसच्या अर्ज-विनंत्यांचे असे वाभाडे काढले की न्यायमूर्ती रानड्यांनी मालकाला सबुरीनं घ्यायला सांगितलं. वय जेमतेम एकवीस! आणि १९०७ ची 'वंदे मातरम्' ह्या त्यांच्या दैनिकातली लेखमाला बघा. विलायती माल, सरकारी शाळा, सरकारी कोर्टं, सगळ्यांवर बहिष्कार. १९२० च्या असहकारात ह्याहून वेगळं काय होतं ओ?

शहापूरकर: अहिंसा होती. अरविंदांना ती अटळ तत्त्व म्हणून कधीच मान्य नव्हती. आणि लिहिलेलं राबवायला माणसं लागतात. हुदलीच्या गंगाधरराव देशपांड्यांनी आधी टिळकांमागं, मग गांधींमागं जन्म घातला. १९२४ चं काँग्रेसचं अधिवेशन इथं उगीच झालं काय?

निपाणीकर: वॉरंट विसरलासा. 'कर्मयोगिन' ह्या त्यांच्या साप्ताहिकातल्या लेखावर राजद्रोहाचा खटला होता. ब्रिटिश हद्दीत पाय ठेवला असता तर आत.

शहापूरकर: तो खटला नोव्हेंबर १९१० ला कलकत्ता हायकोर्टात पडला. पुढं १९२० ला डॉ. मुंजे नागपूर काँग्रेसचं अध्यक्षपद घ्या म्हणाले, तेही नको. वॉरंटाचं कारण तेव्हा नव्हतं.

टिळकवाडीच्या बाई: शहापूरकर, तुमचा हिशोब बरोबर आहे, पण वही एकच उघडलीत. जानेवारी १९०८ मध्ये बडोद्यात विष्णू भास्कर लेले ह्या मराठी योग्यानं त्यांना तीन दिवस खोलीत बसवून मन शांत करायला शिकवलं. तिथून उठून ते मुंबईत राष्ट्रीय, म्हणजे जहाल, पक्षाचं भाषण करायला उभे राहिले. म्हणजे योगामुळं राजकारण सुटलं म्हणता येत नाही, निदान तेव्हा तरी. नंतरची 'आर्य' मासिकाची वर्षं वेगळी, हे मान्य. (त्यातलं 'दिव्य जीवन' मी तीनदा हातात घेतलं. वाक्यं इतकी लांब की चाळीस पानांपुढं सरकले नाही. गीतेवरचे निबंध मात्र वाचाच.) आणि पाँडिचेरीतूनही त्यांनी १९४२ ला युद्धानंतर स्वराज्य देऊ म्हणणारी ब्रिटिशांची क्रिप्स योजना स्वीकारा म्हणून दिल्लीला दूत धाडला होता.

शहापूरकर: बाई, तिथंच तर माझी तक्रार आहे. बत्तीस वर्षं बाहेर बसायचं, आणि आत असलेल्यांनी काय करावं ते निरोपानं कळवायचं!

खानापूरकर: ती योजना घेतली असती तर फाळणी टळली असती म्हणणारे आहेत की.

शहापूरकर: आणि त्याच योजनेत प्रांतांना फुटून निघायची मुभा होती, हे न सांगणारेही आहेत.

खानापूरकर: बरं, ते राहू दे. 'इंदुप्रकाश'मधले लेख मराठीत कुणाकडं आहेत काय? रविवारी शहापूरला येतो, कुंदा आणतो.