लेहरा वाजवणाऱ्याचा कंटाळा सहा मिनिटांच्या विनोदी लघुपटात कसा दाखवावा?

कृष्णाकाठ (सांगली)
तबला सोलो चालू आहे. पेशकार झाला, कायदे झाले, रेला आला, तबल्याच्या रचना बदलत जातात, आणि शेजारी पेटीवाला तीनतालाचा तोच लेहरा, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारी एकच धून, ओढतोय. संवाद नाहीत, सगळी गंमत त्याच्या चेहऱ्यावर. पण कच्च्या जोडणीत पेटीवाल्याबरोबर बघणाराही जांभया देतो. आवर्तनं (तालाचे 16 मात्रांचे फेरे) किती ठेवावीत, कट कुठे मारावेत? आणि लेहऱ्याचं एकच आवर्तन रेकॉर्ड करून पुढे चिकटवत नेलं तर चालेल का?

खालीभरी
आधी लय ठरवा, मग कॅमेरा काढा. मिनिटाला 80 मात्रा (ठोके) धरल्या तर आवर्तन 12 सेकंदांचं, सहा मिनिटांत 30 आवर्तनं. सेकंदाला 24 फ्रेमवर एक मात्रा बरोबर 18 फ्रेमची होते, त्यामुळे कट मात्रेवर चपखल बसतो. 25 फ्रेमवर तीच मात्रा पावणेएकोणीस फ्रेमची, मग कट मागेपुढे सरकतात. 25 च हवे असतील तर लय 75 करा, मात्रा 20 फ्रेमची होईल. (ट्यूबलाइटच्या उजेडात 24 फ्रेमला शटर 1/50 ठेवा, नाहीतर चित्र लुकलुकतं.)

पहिल्या तीन आवर्तनांत काहीही घडू देऊ नका. 36 सेकंद लांबलचक वाटतील, पण 'हे असंच चालणार' हे पक्कं बसल्याशिवाय पुढच्या बारीक बदलाला हसू येत नाही. चौथ्यात बदल आणा, तोही समेवर (पहिल्या मात्रेवर) नको, तिथे सगळे टपूनच असतात. 'खाली'वर, म्हणजे टाळी नसलेल्या नवव्या मात्रेला, नजर भटकू द्या: छताचा पंखा, पहिल्या रांगेतल्या काकांची पिशवी. सोळावी मात्रा संपायच्या आत नजर परत तबलजीच्या हातावर.

बोटं मात्र एकदाही चुकता कामा नयेत. लेहरा ही तबलजीची मोजपट्टी. तो मात्राभर घसरला की तिहाई (तीनदा वाजवून समेवर संपवायचा तुकडा) समेवर पडत नाही. कंटाळा मरणाचा आणि डुलकीची सोय नाही, विनोद आहे तो इथे. नुसता कंटाळलेला माणूस आळशी दिसतो.

एकटेक
कट हवेतच कशाला? एकच स्थिर शॉट, कमरेपासून वर. फक्त समोरून लावू नका: पेटीचा भाता प्रेक्षकांच्या बाजूला उघडतो, त्याआड उजव्या हाताची बोटं झाकली जातात. त्याच्या उजव्या अंगाला तीसेक अंश सरका आणि कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपेक्षा थोडा वर ठेवा.

तुमचे प्रेक्षक का जांभया देतात? मिक्सिंगमध्ये तबला मागे दाबलाय का, ते आधी बघा. फ्रेंच संगीतकार रावेलच्या 'बोलेरो'त (1928) ड्रमवाला तोच छोटा ठेका 169 वेळा वाजवतो. ऐकणारा कंटाळत नाही, कारण वरची वाद्यं बदलतात आणि आवाज चढत जातो. तुमच्याकडे ते काम तबल्याचं. तो खणखणीत आणि खरोखर चांगला वाजला पाहिजे. सभागृह रंगतंय आणि एकटाच माणूस रंगत नाही, हा फरक दिसायला हवा.

भातासूर
चिकटवलेला लेहरा नको. भाता ओढतानाचा श्वास, पट्टीची टकटक दर वेळी हुबेहूब आली की चार आवर्तनांत कानाला कळतं, आणि मग वाजवणारा माणूस उरतच नाही. कानात मेट्रोनोम लावून तीसही आवर्तनं सलग वाजवून घ्या.

नटाला लेहरा येत असलाच पाहिजे. पेटी मुकी करायला सगळे स्टॉप (हवेची वाट उघडबंद करणाऱ्या खुंट्या) बंद करण्याची युक्ती फसते: हवेला वाट राहत नाही, आतला भाता फुगतो आणि बाहेरचा जड होऊन हलेनासा होतो. पेटी वाजू द्या, तो आवाज नंतर फेकून द्या. खोकला, पंखा, पिशवीची चुरचुर वेगळी रेकॉर्ड करा. आणि गळीत हंगामात रस्त्यालगतचा हॉल घेऊ नका, उसाचे ट्रॅक्टर गाणी लावूनच जातात!

तंबोऱ्यांचं मिरज जवळ म्हणून मागे तंबोरा बसवायचा मोहही आवरा. तंबोऱ्याला तालाचं बंधन नाही, त्यामुळे ती मजाच वेगळी, आणि दुसरा कंटाळलेला चेहरा आला की पहिल्याची किंमत जाते.

कृष्णाकाठ (सांगली)
तबला दाबलेलाच आहे, वर आणतो. आता शेवट. एकदा तरी चुकवावा का त्याला?

खालीभरी
अजिबात नको. चक्रदार ठेवा: तिहाईसकट अख्खा बोल तीनदा. दुसऱ्या पल्ल्याला टाळ्या सुरू, तिसरा समेवर पडतो, पेटीवाल्याचा हात भाता मिटायला जातो. तेवढ्यात तबलजी हातोडी उचलून तबला सुरात लावायला घेतो आणि मानेनेच 'चालू ठेव' म्हणतो. या ठोकाठोकीला पूर्ण दोन आवर्तनं द्या, कापू नका. पडदा समेवर काळा करू नका, तेराव्या मात्रेला करा. नावांच्या पाट्यांखाली लेहरा चालूच.